पद्मिनी चालू होत नाही? पार्ट बदलण्याआधी व्होल्ट मोजा

आपल्या या भागाचं हे लेखी रूप. बोललो जसं, तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. फक्त आकडे नीट मांडलेत, म्हणजे बोनेट उघडून उभे असाल तेव्हा फोनवर पटकन बघता येतील.

आजचा विषय आहे जुन्या गाडीचं इग्निशन आणि वायरिंग. उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचं. एक तर ही गाडी आपल्या कुर्ल्यात बनली. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आली, 1972 मध्ये प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. दुसरं म्हणजे आजही अनेक घरांत आजोबांची किंवा काकांची पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे, आणि नातवंडांना ती पुन्हा चालू करायची आहे.

अडचण अशी की पद्मिनी हातावर असलेले मेकॅनिक कमी होत चाललेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे बंद झाली. रोज या गाड्या उघडणारे हात आता रोज उघडत नाहीत. मग होतं काय? गाडी गॅरेजला जाते. कॉइल बदलतात. चालू होत नाही, मग पॉइंट बदलतात, प्लग बदलतात, बॅटरी नवी टाकतात. बिल वाढत जातं आणि शेवटी सल्ला मिळतो, "भंगारात काढा, वायरिंग गेलंय." आणि कधीकधी त्या गाडीचा दोष असतो एक गंजलेला नट.

म्हणून आजच्या भागात एकच गोष्ट सांगायची आहे: बदलण्याआधी मोजा.

ठिणगी पडते कशी?

या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने बसवलेली ही पद्धत 1910 च्या कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा आली, आणि मूळ कल्पना पद्मिनीतही तीच आहे.

बॅटरीतून करंट निघतो, चावीतून जातो, कॉइलमध्ये येतो. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमध्ये, आणि तिथून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीतून परत बॅटरीकडे. पॉइंट म्हणजे साधा स्विच. इंजिन फिरतं तसा तो उघडतो, मिटतो. मिटलेला असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते. उघडला रे उघडला की ती ऊर्जा हजारो व्होल्टच्या रूपात बाहेर पडते. रोटर आणि कॅप ते व्होल्टेज योग्य सिलिंडरच्या प्लगला नेऊन देतात. पद्मिनीत क्रम असतो 1-3-4-2.

पॉइंटशेजारी छोट्या डबीसारखा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून पॉइंट जळू नयेत आणि कॉइलमधला करंट झटक्यात तुटावा, हे त्याचं काम.

हे सगळं किती वेगाने चालतं? चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर नुसतं उभं असलं तरी मिनिटाला 1600 ठिणग्या लागतात. 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100.

आता महत्त्वाचा मुद्दा. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते. कॉइलला 12 व्होल्टऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर ऊर्जा सुमारे 30 टक्के कमी होते. सेल्फ मारताना बॅटरी आधीच 10 च्या आसपास उतरलेली असते. त्यात वाटेतल्या गंजलेल्या जोडांनी आणखी दीड व्होल्ट खाल्ला तर कॉइलकडे उरतात साडेआठ. ठिणगीची ताकद जवळजवळ निम्मी! कॉइल चांगली, पॉइंट चांगले, प्लग नवे, तरी गाडी चालू होत नाही. कारण दोष पार्टमध्ये नाहीच, जोडांमध्ये आहे.

हत्यारं काय लागतील?

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर, वायर ब्रश आणि एक जादा स्पार्क प्लग. शिवाय तुमचा फोन. कुठलीही वायर काढण्याआधी फोटो काढा, दोन बाजूंनी. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, त्यामुळे प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर टाका.

सुरक्षिततेचं आधीच सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची कुठलीही चाचणी करायची नाही. आधी गळती शोधा.

पायरी पहिली: बॅटरी आणि अर्थ

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण. 12.0 च्या खाली असेल तर पुढचं काहीच तपासू नका, आधी चार्ज करा.

मग सेल्फ मारून बघायचं, पण गाडी चालू होऊ द्यायची नाही. त्यासाठी कॉइलच्या पॉझिटिव्हची बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. मित्राला सेल्फ मारायला सांगा. बॅटरीवर व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं तर बॅटरी थकलीय किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

बॅटरीवर व्होल्टेज नीट आहे आणि तरी सेल्फ मरगळल्यासारखा फिरतोय? मग अर्थ तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडीमध्ये एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते. ती गंजली, सैल झाली किंवा कुणी काढल्यावर परत लावलीच नाही, तर सेल्फचा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो. बऱ्याचदा चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल ही ती वाट होते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दोष तिथेच सापडला समजा.

मीटरने कसं बघायचं? लाल टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. खांबावरच बरं का, क्लॅम्पवर नाही. सेल्फ मारताना 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत आकडा हवा. एक-दीड व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेत वाया जातंय. जोड उघडा, वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. झालं.

पायरी दुसरी: कॉइलपर्यंत काय पोहोचतं?

कॉइलची वायर परत जोडा. चावी ऑन, इंजिन बंद. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कॉइलच्या पॉझिटिव्हला.

इथे एक गोम आहे. पॉइंट उघडे असतील तर करंट वाहतच नाही, आणि मग सडका जोडही पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. नळाचं उदाहरण घ्या. पाइप गंजून बारीक झाला असला तरी नळ बंद असताना आत दाब पूर्णच असतो. खरी स्थिती नळ सोडल्यावर कळते. म्हणून हे माप पॉइंट मिटलेले असताना घ्यायचं. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढा, गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून थोडी ढकला आणि पॉइंट मिटले की थांबा. मग पुन्हा न्यूट्रल आणि हँडब्रेक.

आता बॅटरीवरचा आकडा आणि कॉइलवरचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत कुणीतरी व्होल्ट खातंय. चावीचा स्विच, त्यामागची लग, किंवा मध्येच कुणीतरी मारलेला टेपचा जोड. एकेका ठिकाणी मापत मागे या. जिथे आकडा अचानक वाढतो, तिच्या अलीकडेच दोषी सापडतो.

पण चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असताना साधारण 3 ओहमच्या कॉइलमधून सतत 4 अँपिअर वाहत असतात. दहा-पंधरा मिनिटं असं राहिलं तर चांगली कॉइलही तापून जाऊ शकते.

पायरी तिसरी: पॉइंट

टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या निगेटिव्हला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या वायरीला लावा. दुसरं टोक अर्थला. सेल्फ मारा.

लॅम्प लुकलुकला: पॉइंट काम करतायत.
लॅम्प सतत पेटलेला: पॉइंट मिटत नाहीयेत, किंवा मिटूनही मळामुळे करंट जात नाहीये.
लॅम्प सतत विझलेला: कॉइलला पुरवठा नाही, पॉइंट उघडत नाहीयेत, किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय.

पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, कोरड्या कापडाने पुसा. पूर्ण उघडलेले असताना गॅप फिलर गेजने बघा. पद्मिनीत साधारण 0.42 ते 0.48 मिलिमीटर. गॅप बदलला की टायमिंगही हलतं, म्हणून शेवटी टायमिंग तपासायला विसरू नका.

पॉइंट लगेच लगेच जळतायत, ठिणगी पिवळी आणि मलूल आहे, गाडी फटफट करते? कंडेन्सरवर संशय घ्या. आजच्या नियमाला हा एकच अपवाद. कंडेन्सरचा दोष साध्या मीटरने नीट पकडता येत नाही आणि वस्तू स्वस्त आहे. तो बदलूनच बघावा.

पायरी चौथी: ठिणगी

कॅपच्या मधोमध कॉइलकडून येणारी जाड वायर काढा, तिला जादा प्लग लावा. प्लगचा धातूचा भाग इंजिनला नीट टेकवा. जंपर केबलने पकडला तर उत्तम. वायर हातात धरू नका! सेल्फ मारल्यावर निळसर, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे.

इथे ठिणगी आहे, पण सिलिंडरच्या प्लगला नाही? मग दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींत. कॅप आतून टॉर्चच्या उजेडात बघा. मधला छोटा कार्बन जागेवर आहे का? पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे का? ती रेघ म्हणजे व्होल्टेज पळून जाण्याची वाट. अशी कॅप बदलावीच लागते. पावसाळ्यात मात्र बऱ्याचदा फक्त दमट हवा आत बसलेली असते. कोरड्या कापडाने पुसलं की गाडी चालू.

एका श्रोत्याचा प्रश्न

प्रश्न असा: "गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. वीस मिनिटं चालवली की सिग्नलला बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलो की परत चालू. कॉइल बदलली, फरक नाही. आता काय?"

या लक्षणाची दोन घराणी आहेत. एक, इग्निशन: तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर साथ सोडतो, किंवा चावीमागची सैल लग तापून करंट तोडते. दोन, पेट्रोल: उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते आणि पंप ओढू शकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ओळखायचं कसं? गाडी बंद पडेल त्याच क्षणी तपासायचं. थंड झाल्यावर तपासून काहीच हाती लागत नाही. जादा प्लग गाडीत ठेवा. सुरक्षित जागी बाजूला घ्या, पेट्रोलचा वास नाही ना हे बघा, आणि चौथी पायरी करा. ठिणगी दमदार असेल तर इग्निशन निर्दोष, पेट्रोलकडे वळा. ठिणगी नसेल तर लगेच कॉइलच्या पॉझिटिव्हवर माप घ्या. तिथे व्होल्टेजच नसेल तर चावी आणि वायर. व्होल्टेज पूर्ण असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर बघा. नवी आणलेली कॉइलही पूर्णपणे निर्दोष मानू नका. पण संशय मापाने ठरवा.

बॅटरी रोज उतरते?

गाडी चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीवर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. 13 च्या खाली म्हणजे चार्जिंग नाही. 15 च्या वर म्हणजे रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. जुन्या पद्मिनीत अल्टरनेटरऐवजी डायनामो असेल तर तो आयडलवर जवळजवळ चार्जच करत नाही. ट्रॅफिकमध्ये हेडलाइट लावून अर्धा तास उभे राहिलात तर बॅटरी उतरणारच. तो बिघाड नाही, स्वभाव आहे.

चार्जिंग ठीक आणि तरी सकाळी बॅटरी मेलेली? मग काहीतरी चोरून करंट खातंय. सगळं बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मीटर 10 अँपिअरवर ठेवून केबल आणि खांब यांच्यामध्ये जोडा. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. आकडा 0.05 अँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या सर्किटमध्ये. अर्ध्या अँपिअरची चोरीही 35 अँपिअर-तासांची बॅटरी 70 तासांत, म्हणजे तीन दिवसांत संपवते.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट: आग

आतापर्यंत जे बोललो त्यात पैसे वाया जातात. इथे जीव जाऊ शकतो.

फ्यूज कशासाठी असतो? म्युझिक सिस्टीम वाचवायला नाही, वायर वाचवायला. शॉर्ट झाला की बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. बारीक वायर काही सेकंदांत लाल होते, तिचं आवरण पेटतं, आणि बोनेटखाली शेजारीच पेट्रोलचा पाइप असतो. त्या काळातल्या अनेक गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरींना मुळात फ्यूजच नसायचा. त्यामुळे त्या वायरींचं आवरण शाबूत असणं फार गरजेचं.

म्हणून हे पाच नियम:

1. फ्यूज उडाला तर चांदी किंवा तार गुंडाळू नका. कारण शोधा आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा.

2. बॅटरीवरून थेट घेतलेल्या प्रत्येक वायरीला बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा. नंतर बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर आधी तपासा.

3. हॅलोजन हेडलाइट लावले असतील तर रिले बसवा. 60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 10 अँपिअर. जुना स्विच तेवढ्याने वितळतो. रिलेने उजेडही वाढतो.

4. बोनेटमधून केबिनमध्ये वायरी शिरतात तिथलं रबर बघा. ते कडक होऊन तुटलं असेल तर पत्र्याची धार वायर कापते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही तिथेच सापडतात.

5. घरातली वायर गाडीत वापरू नका, आणि नुसती पिळून टेप मारलेला जोड ठेवू नका. गाडीसाठी बनवलेली बहुतारी वायर, दाबून बसवलेली लग, वर हीट श्रिंक.

बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवणं सगळ्यात स्वस्त विमा आहे. गाडीत ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा. धूर दिसला तर चावी बंद, सगळ्यांना खाली उतरवा. ज्वाळा दिसत असतील तर बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. दूर व्हा आणि 101 ला फोन लावा.

मेकॅनिककडे जायचंच असेल तर

जा की! पण हात हलवत जाऊ नका, आकडे घेऊन जा. "गाडी चालू होत नाही" असं सांगितलंत तर तो अंदाज लावणार. "बॅटरी 12.6, पॉइंट मिटलेले असताना कॉइलवर 10.2, अर्थ ठीक" असं सांगितलंत तर चांगला मेकॅनिक थेट चावीमागे हात घालेल. फोनमध्ये एक नोट उघडा, तारीख टाकून मापं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच मापं पुन्हा घेतलीत की कुठला जोड सडत चाललाय ते बंद पडण्याआधीच कळेल.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हायला हवी. वायरिंग नीट असेल तर लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांची ती चिंता आधीच मिटते.

पुढच्या भागात कार्ब्युरेटर आणि व्हेपर लॉकबद्दल बोलू. तोवर तुमच्या गाडीची मापं कॉमेंटमध्ये टाका, मॉडेल आणि वर्षासकट. लक्षणं नुसती लिहू नका हं, आकडे लिहा!